अल्प खर्चात सकस आहार : जैन स्वयंपाकघराचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी तप, दान, तीर्थ, स्वाध्याय अशा विषयांवर व्याख्याने व्हावीत हे स्वाभाविकच आहे. त्या मालिकेत डाळ-तांदळाचा हिशेब मांडणारे व्याख्यान काहींना विसंगत वाटेल. परंतु ज्या समाजाची ओळख व्यापाराने झाली, त्या समाजात गरिबी नाही असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो समज समाजातील गरजू कुटुंबांनाच सर्वाधिक महाग पडतो. पेढीवरचा दिवाणजी, दुकानातील गुमास्ता, किराणा दुकान बंद पडलेला चाळिशीतील गृहस्थ, मुलांपासून दूर एका खोलीत राहणारी वृद्ध माता, शिक्षणासाठी शहरात आलेला विद्यार्थी, ही माणसे हात पसरीत नाहीत. घरभाडे, शाळेची फी, औषध आणि व्यवहारातील अहेर यांना कात्री लावता येत नाही. कात्री लागते ती ताटाला, कारण ताटात काय आहे हे शेजाऱ्याला दिसत नाही.

ताटाला कात्री लावण्याचीही एक ठरलेली रीत असते. प्रथम फळ जाते, मग दूध पातळ होते, मग डाळ पातळ होते. पोळी आणि भात तेवढेच राहतात, चहा तर वाढतो. पोट भरलेले असते, म्हणून उणीव कोणाच्या ध्यानात येत नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला भांड्याच्या तळाशी उरलेले वरण येते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हा आकडा केवळ झोपडीतील नाही, माडीवरच्या घरांचाही त्यात वाटा आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ऊणोदरी हे बाह्य तप आहे. भुकेपेक्षा चार घास कमी घेण्यात घेणाऱ्याची इच्छा असते, संयम असतो. डाळ परवडत नाही म्हणून जो कमी खातो, तो तप करीत नाही. त्याच्या वाट्याला आलेल्या उपासाची अनुमोदना करणे हा त्याच्यावर अन्याय होय. म्हणून या विषयाकडे धर्मक्रिया म्हणून नव्हे, तर प्रथम हिशेब म्हणून पाहणे उचित ठरेल.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींच्या दैनिक आहारासाठी जे प्रमाण सुचविले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या सुमारे ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम येते. यात धान्य व डाळीचे प्रमाण साधारण तीनास एक पडते. जुन्या गृहिणी खिचडीला तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी डाळ घेत असत, तेच हे प्रमाण. धान्यातील प्रथिनांत जे घटक उणे असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे उणे ते धान्यात. दोन्ही एकत्र आली की प्रथिनांचा दर्जा पुष्कळ सुधारतो.

आता चार माणसांचे एक कुटुंब घेऊ : दुकानात नोकरी करणारा गृहस्थ, त्याची पत्नी, एक शाळकरी मुलगा आणि वृद्ध आई. महिना तीस दिवसांचा धरला तर वरील प्रमाणाने धान्य ३० किलो, डाळी सुमारे १० किलो, दूध ३६ लिटर, भाज्या ४८ किलो, फळे १२ किलो, शेंगदाणे-तीळ सव्वाचार किलो आणि तेल सव्वातीन किलो लागेल. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून केवळ हिशेबाच्या सोयीसाठी ठोकळ दर धरू. धान्य ४० रुपये, डाळी सरासरी १००, दूध ६०, भाजी ४०, फळे ५०, शेंगदाणे १३० आणि तेल १५० रुपये. या कुटुंबाला राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो, म्हणजे २० किलो धान्य विनामूल्य मिळते असे समजू. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. मग धान्याचे ४००, डाळींचे १०००, दुधाचे २१६०, भाज्यांचे १९२०, फळांचे ६००, शेंगदाण्यांचे सुमारे ५५० आणि तेलाचे सुमारे ४८५ असे एकूण सात हजार शंभर रुपयांच्या घरात जातात. मीठ, मसाला, गूळ, चहा त्यात नाही.

आता या कुटुंबापाशी अन्नासाठी पाच हजारच आहेत असे धरा. एकवीसशे रुपये कुठून कमी करायचे? व्यापारी मनुष्य तोट्यात आला तर प्रथम शोभेचा खर्च कमी करतो, मुद्दलाला हात लावीत नाही. आहाराच्या खतावणीत डाळ हे मुद्दल आहे. म्हणून डाळींचे हजार रुपये जसेच्या तसे ठेवावेत. दूध निम्म्यावर, म्हणजे १८ लिटरवर आणावे, त्यात १०८० रुपये वाचतात. भाजी माणशी ३०० ग्रॅम धरून ३६ किलो घ्यावी आणि हंगामाचीच घ्यावी. ती सरासरी ३० रुपयांनी मिळाली तर १०८० रुपयांत भागते. फळांत सफरचंदाचा मोह सोडून केळी, पेरू, पपई यांवर राहिल्यास ८ किलो ३२० रुपयांत येतात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेलच असते, म्हणून शेंगदाणे तेवढेच ठेवून तेल अडीच किलोवर आणता येते, त्याचे ३७५ रुपये. एकंदर बेरीज ४८०० रुपये होते आणि मीठ-मसाला-गुळाला दोनशे रुपये उरतात. मुलाचे दूध वजा करू नये, मोठ्यांनी आपला वाटा कमी करावा.

हिशेब कागदावर जमला, पण त्यात एक गळती आहे आणि ती बहुतेक घरांत आहे. १८ लिटर म्हणजे दिवसाला ६०० मिलिलिटर दूध. चार माणसांनी दोन वेळा चहा घेतला आणि प्रत्येक कपात ५० मिलिलिटर दूध गेले, तर ४०० मिलिलिटर चहातच संपते. मुलाच्या पेल्याला आणि दह्याच्या विरजणाला मिळून २०० उरतात. शिवाय जेवणाबरोबर अथवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतो. घरातील स्त्रीचे दुपारचे जेवण अनेकदा दोन शिळ्यासारख्या पोळ्या आणि कपभर चहा एवढेच असते. एक वेळचा चहा कमी करणे हा या सर्व उपायांतील सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कठीणही आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुधाविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शुद्ध शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण अशा तक्रारी वृद्धांत वयाच्या नावावर खपविल्या जातात. त्यामागे ही उणीव असू शकते आणि ती रक्ततपासणीने कळते. दूध निम्मे करावे, बंद करू नये. कॅल्शियमची भरपाई मात्र अन्य मार्गांनी होते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असते, तर तेवढ्याच दुधात सुमारे १२०. तिळात ते हजाराच्या वर जाते. संक्रांतीपुरता घरात येणारा तीळ चटणीच्या रूपाने वर्षभर राहिला तर उत्तम.

इथवरचा हिशेब कोणत्याही शाकाहारी घराला लागू पडेल. जैन स्वयंपाकघराचे गणित याहून निराळे आहे, आणि स्वस्त आहाराविषयी लिहिणारे बहुतेक लोक ते विचारात घेत नाहीत.

काटकसरीचा पहिला सर्वमान्य सल्ला असतो तो कांदा-बटाट्याचा. बाराही महिने मिळणारी, टिकणारी आणि पोट भरणारी ही भाजी. कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात हा आधारच नाही. रताळे, गाजर, मुळा, बीट हीदेखील नाहीत. दुसरा सल्ला मोड आलेल्या कडधान्यांचा. अनंतकाय म्हणून अनेक घरांत मोड वर्ज्य आहेत. तिसरा सल्ला रात्रीचे उरलेले सकाळी वापरण्याचा, परंतु वासी अन्न चालत नाही. चातुर्मासात पालेभाजी नाही. आठम-चौदसीला हिरवी भाजीच नाही. चौविहार पाळणारा नोकरदार सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचला नाही, तर बाहेर काहीतरी विकत घेऊन खातो किंवा उपाशी राहतो. दोन्ही महागच.

मग हे नियम गरिबाला जड होतात काय? वरवर पाहता होतात. परंतु या नियमांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या एक संपूर्ण पाकशास्त्रही वाढले आहे आणि ते टंचाईच्या मुशीतून निघालेले आहे. मारवाडच्या वाळवंटात भाजी होती कोठे? तेथील गृहिणींनी बेसनाचे गट्टे केले, मुगाच्या मंगोड्या उन्हात वाळविल्या, पापडाचीच भाजी केली, ताकात बेसन कालवून कढी केली. केर-सांगरी आज भेटवस्तूच्या डब्यात मिरवते आणि तिचा भाव ऐकून घाम फुटतो, पण मुळात ती झुडपाची आणि खेजडीच्या झाडाची फुकट मिळणारी फळे-शेंगा होत. गुजरातेतून आलेल्या घरांनी दाल-ढोकळी आणली. एकाच पातेल्यात डाळ आणि गव्हाचे पीठ, वेगळी भाजी नाही, वेगळी पोळी नाही, इंधनही एकाच वेळचे. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन घरांत ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि शेंगदाण्याची चटणी होती. महाराष्ट्राच्या मातीत रुजलेल्या घरांत पिठले कांद्यावाचूनही होत आले आहे, हिंग-जिऱ्याची फोडणी त्याला पुरते.

या सर्व पदार्थांत समान गोष्ट ही की भाजी नाही त्या दिवशी ताटात डाळ वाढते. पर्वतिथीच्या ताटाचा पोषणाच्या दृष्टीने विचार केला तर गट्ट्याची भाजी, मुगाची डाळ, भाकरी आणि ताक हे ताट एरवीच्या बटाटा-पोळीच्या ताटाहून प्रथिनांत सरस ठरते. हरभऱ्याच्या १०० ग्रॅम डाळीत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, बटाट्यात जेमतेम २. मात्र आजच्या घरांत पर्वतिथी आली की बाजारातून शेव, फरसाण, तळलेली डाळ आणि मैद्याची बिस्किटे येतात. नियम पाळला जातो आणि त्यामागचे स्वयंपाकघर हरवते. २०२२-२३ च्या सरकारी कौटुंबिक खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे साडेदहा टक्के रक्कम पेये, अल्पोपाहार व तयार खाद्यपदार्थांवर गेलेली दिसते. दूध व दुधाच्या पदार्थांवरही एवढा खर्च होत नाही. हिशेबाच्या वहीत कोणत्या पानावर तोटा आहे ते यावरून कळावे.

बटाट्याची जागा कच्च्या केळ्याने घेणे ही जैन घरांची जुनी युक्ती आहे. त्याशिवाय दुधी, लाल भोपळा, पडवळ, दोडका, कच्ची पपई, गवार या भाज्या आपापल्या हंगामात स्वस्त असतात आणि फारशा वाया जात नाहीत. शेवग्याचे झाड अंगणात अथवा इमारतीच्या आवारात असेल तर शेंगा आणि चातुर्मास वगळता पालाही मिळतो. संध्याकाळी बाजार उठताना भाजी उतरत्या भावाने मिळते. चौविहारामुळे ती त्या दिवशी कामी येत नाही हे खरे, पण दुधी-भोपळ्याला दुसऱ्या दिवशी काही होत नाही. शेंगदाणा जमिनीखाली येतो म्हणून तो चालतो की नाही, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. ती वाळलेली शेंग आहे, कंद नव्हे, आणि परंपरेने तो स्वीकारला गेला आहे. गरीब घराच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण चौथा हिस्सा प्रथिने असलेला एवढा स्वस्त पदार्थ दुसरा शोधून सापडणे कठीण.

मोड चालत नसले तरी भिजविणे चालते. मटकी, चवळी, हुलगे, अख्खा मसूर सहा-आठ तास भिजवून, मोड फुटण्यापूर्वीच शिजविले की गॅस वाचतो आणि पचनही सुलभ होते. वर लिंबू पिळावे, कारण आंबट फळातील क जीवनसत्त्वाने कडधान्यातील लोह अधिक अंगी लागते. आवळ्याच्या दिवसांत आवळा आणि एरवी पेरू हेच काम करतात. लोखंडी कढई आणि तवा माळ्यावरून खाली काढावेत. द्विदल आणि कच्चे गोरस एकत्र करू नये हा नियम पाळणाऱ्या घरांत ताक आधी तापवून मग बेसन घालतात. त्यामुळे कढीचा मार्ग त्यांनाही मोकळाच आहे.

वासी अन्नाच्या नियमाचा खर्चावरील परिणाम मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. ज्या घरात उरलेले दुसऱ्या दिवशी चालत नाही, त्या घरात उरू देणे म्हणजे सरळ नुकसान. म्हणून जुन्या घरांत कणीक मापट्याने मोजून भिजत असे, जेवणारी माणसे आधी विचारली जात आणि ताट धुऊन ते पाणी पिण्याची प्रथा होती. आयंबिल शाळेत आजही ती पाहावयास मिळते. उरलेल्या कणकेच्या पोळ्या मंद तव्यावर कडक भाजून खाखरे केले तर ते मर्यादेच्या आत प्रवासाला आणि शाळेच्या डब्याला चालतात, बिस्किटाचा पुडा वाचतो. पिठालाही काळमर्यादा असल्याने धान्य अख्खे ठेवावे आणि थोडेथोडे दळून आणावे. दळणाला खेपा पडतात, पण चक्कीचे ताजे पीठ कोंड्यासह येते, तयार पिठाच्या पिशवीपेक्षा स्वस्तही पडते.

घाऊक खरेदीबद्दल व्यापारी समाजाला कोणी शिकवावे असे नाही. तरीही गरजू कुटुंब नेमके पाव किलो आणि अर्धा किलो या मापाने, सर्वांत चढ्या किरकोळ भावात खरेदी करते, कारण एकरकमी पैसा हाती नसतो. मुंबईत १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारी कुटुंबांचे गट करून, महिन्याची मागणी एकत्र नोंदवून, माल थेट आणून आपसांत वाटून घेण्याची पद्धत रूढ केली. दुकान नाही, नोकर नाही, सभासदांनीच हात लावायचा. ज्या गावात समाजाची चाळीस-पन्नास घरे आहेत आणि त्यांतील चार-सहा जण धान्याच्या व्यापारात आहेत, तेथे हे जमू नये असे कोणतेही कारण दिसत नाही. या गटात सधन कुटुंबांनीही सामील व्हावे, म्हणजे कोण गरजेपोटी आला आणि कोण सोयीपोटी, हे ओळखू येणार नाही.

आता साधर्मिक भक्तीच्या धान्यसंचाविषयी. अनेक संस्था दरमहा अथवा पर्युषणात गरजू कुटुंबांना संच देतात. ही प्रथा स्तुत्य आहे. पण संचातील वस्तूंची यादी पाहिली तर साखर, मैदा, रवा, चहापूड, वनस्पती तूप, पोहे आणि एखादा किलो तूरडाळ असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. देणाऱ्याच्या मनात सणाची कल्पना असते, घेणाऱ्याच्या घरात मात्र महिन्याच्या वीस तारखेला डाळीचा डबा रिकामा असतो. ज्या कुटुंबाला शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळतो, त्याला पुन्हा गहू-तांदूळ देण्यात फारसा लाभ नाही. शिधापत्रिका असूनही संकोचापोटी रेशनच्या रांगेत न जाणारी घरेही आहेत. त्यांच्यासाठी कार्यकर्त्याने जाऊन ते धान्य आणून देणे ही वेगळ्या प्रकारची सेवा ठरेल, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

चार माणसांच्या घरासाठी संचात मूगडाळ दोन किलो, हरभराडाळ दोन किलो, तूरडाळ एक किलो, मटकी अथवा चवळी दोन किलो, हुलगे एक किलो, बेसन एक किलो, शेंगदाणे तीन किलो, तीळ अर्धा किलो, नाचणी दोन किलो, गूळ एक किलो आणि आयोडीनयुक्त मीठ एवढे असावे. साखर आणि मैदा पूर्णपणे वगळावा. दुधासाठी वस्तूऐवजी डेअरीची कुपने द्यावीत आणि ती मुले, गर्भवती व वृद्ध असलेल्या घरांना प्रथम मिळावीत. तूर महाग असेल त्या महिन्यात तिची जागा हरभराडाळीने घ्यावी, आणि आषाढी चौदसीपूर्वीच्या संचात मंगोड्या व सांडगे वाढवावेत. समाजातील भगिनी मंडळाने हे उन्हाळ्यात घालून दिले तर त्याच गरजू घरांतील दोन-चार स्त्रियांना मजुरीही मिळेल. संच साध्या किराणा पिशवीत बांधावा, तीवर संस्थेचे नाव व देणगीदाराचे छायाचित्र छापू नये, आणि तो घरी पोहोचवण्याचे काम दिवेलागणीपूर्वी व्हावे, म्हणजे त्याच दिवशीच्या चुलीला तो उपयोगी पडेल.